ती बाटली कुणालाही पाठवू नका (गोल्ड स्पॉटवाल्या प्रश्नाला उत्तर)

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. बाबा ७८ वर्षांचे, तोंडाला चव नाही, आणि परवा अचानक म्हणाले, "गोल्ड स्पॉट असतं तर प्यायलो असतो." ते संत्र्याचं शीतपेय तर कधीच बंद झालं, म्हणून तुम्ही फँटा आणलात, त्यांनी एक घोट घेऊन ग्लास बाजूला सारला. आता जुन्या वस्तू विकणारा एक जण सीलबंद, भरलेली बाटली ४,५०० रुपयांना देतोय. ती बाबांना पाजावी, की कंपनीकडे नमुना म्हणून पाठवावी म्हणजे ते तशी चव करून देतील, असा तुमचा प्रश्न.

दोन्ही करू नका. पाजण्याबद्दल लिहीत बसत नाही, तीस वर्षांचं पाणी आणि गंजलेलं बूच, एवढं पुरे. कंपनीकडे पाठवण्याबद्दल मात्र मला बोलायचंय, कारण तोच गाढवपणा मी केलाय. पाचेक वर्षं उलटून गेली, पण तो विषय निघाला की अजून हात शिवशिवतात.

२०१८ ची गोष्ट. आई गेल्यावर आमचे अण्णा चहाबरोबर काहीच खाईनात. मारी आणलं, क्रीम क्रॅकर आणलं, टोस्ट, खारी, सगळं झालं. "ते जिऱ्याचं मिळतं का बघ," एवढंच म्हणायचे. ते जिऱ्याचं म्हणजे लहानपणी मिरजेत मिळणारं एक खारं बिस्किट. नाव मुद्दाम लिहीत नाही. कारखाना छोटा होता, पुढे त्याचं नाव एका मोठ्या कंपनीने घेतलं, चारदोन वर्षं चालवलं आणि गुपचूप बंद केलं.

माझ्याकडे त्या पुड्याचा एक कागद होता. आईच्या गुंड्यांच्या डब्यात तळाला घडी करून ठेवलेला. पुढे पिवळ्या-तांबड्या रंगात नाव आणि जिऱ्याची काडी, बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरात घटक, आणि आतल्या कोऱ्या बाजूला आईने पेन्सिलने लिहिलेला दुधाचा हिशेब. सोम १, मंगळ १॥, बुध नाही, गुरु १. बुध नाही म्हणजे आम्ही कुठे गावाला गेलो असणार.

मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलीने आधी बॅच नंबर विचारला. नाही म्हटलं. मग मॅन्युफॅक्चरिंग डेट. मी म्हटलं, १९८६. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, सिस्टिम एवढं मागचं वर्ष घेत नाहीये." आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, चला, माणूस भेटलं. तिने सांगितलं की लेखी पाठवा, सोबत मूळ रॅपर जोडा, म्हणजे संबंधित विभागाला ओळख पटवता येईल.

मूळ रॅपर. झेरॉक्स चालेल का, हे मी विचारलंसुद्धा नाही. दोन पानी पत्र लिहिलं, अण्णांच्या वयासकट, आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्पीड पोस्टने पाठवून दिला. पाठवण्याआधी फोटो काढले होते. बारा! आणि बाराच्या बारा पुढच्या बाजूचे, कारण ती बाजू दिसायला छान होती. घटकांच्या पट्टीचा एक नाही. आईच्या हिशेबाचा एक नाही.

तीन आठवड्यांनी मेल आला: आपली तक्रार तपासण्यात आली असून सदर उत्पादनाची मुदत संपलेली असल्याने ती निकाली काढण्यात येत आहे. तक्रार! त्यानंतर घरी एक खोका आला, त्यात त्यांच्या दुसऱ्याच बिस्किटांचे चार पुडे आणि 'आपला विश्वास हेच आमचं यश' असं छापलेलं कार्ड. मी कागद परत मागितला. पुढचे चार महिने मी फोन करत होते. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. शेवटी एकाने सांगितलं की तपासणीसाठी आलेले नमुने धोरणानुसार नष्ट केले जातात. ते धोरण कुठे लिहिलंय विचारलं तर म्हणे आमच्याकडे आहे.

अण्णांना मी हे कधी सांगितलं नाही. ते त्या चार पुड्यांतली बिस्किटं कावळ्यांना घालायचे.

असो. तुमच्या कामाचं बोलते.

मुळात ग्राहक सेवेत बसलेल्या माणसाकडे जुनी कृती नसते, आणि असती तरी त्याला ती द्यायचा अधिकार नसतो. गोल्ड स्पॉटचं तर सगळ्यांना माहीतच आहे: १९९३ मध्ये या पेयांचे मालक रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा आणि गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले. थम्स अप लोकांनी सोडलं नाही म्हणून तगलं. गोल्ड स्पॉटच्या खुर्चीत फँटा बसला. आता स्वतःचा फँटा बाजूला सारून ते तुमच्या बाबांसाठी बाटली का भरतील? इथे कुणीतरी रोला कोलाचं उदाहरण देईलच. हो, पार्लेने ती गोळी लोकांच्या मागणीवरून २०१९ मध्ये परत आणली. पण ती गोळी पार्लेचीच होती, तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलेलं नव्हतं, आणि त्या निमित्ताने जाहिरातही फुकटात झाली. नाव विकलं गेलं की मामला वेगळा. आपल्या रावळगावचंच बघा. मालेगाव तालुक्यातला तो गोळ्यांचा कारखाना, पान पसंद, मँगो मूड, आणि २०२४ मध्ये २७ कोटींना नावं आणि कृती रिलायन्सकडे गेल्या. आता ती कृती कुठल्यातरी फायलीत व्यवस्थित असेल. तुमचा-माझा फोन तिथपर्यंत पोचायचा नाही.

दुसरी गोष्ट लोकांना आवडत नाही, तरी सांगते. बाबांना नेमकी कोणत्या वर्षांतली चव आठवतेय ते विचारा. संत्र्याच्या आणि लिंबाच्या शीतपेयांत तेलाचा अंश पाण्यात तरंगता राहावा म्हणून पूर्वी ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल वापरायचे. त्यानेच तो गढूळपणा यायचा. भारतात १९९० मध्ये त्यावर बंदी आली. म्हणजे कोका-कोला यायच्या आधीच या पेयांच्या मिश्रणाला हात लावावा लागला असणार. बाबा जर १९७८ चं गोल्ड स्पॉट आठवत असतील, तर १९९२ ची बाटलीसुद्धा त्यांना 'ते नाही' वाटू शकते. (मी फूड टेक्नॉलॉजीवाली नाही. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि या भानगडीत पडल्यावर बरंच वाचलं, इतकंच.)

माझ्या बिस्किटाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण तुमचा रस्ता तिथूनच जाईल असं मला वाटतं. मामेभावाने शोधून काढलं की त्या जुन्या कारखान्यात भट्टीवर असलेले एक गृहस्थ आता मुलाच्या बेकरीत गल्ल्यावर बसतात. गेले. कागद नव्हताच, त्यामुळे तोंडीच सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ताई, पुडा फोडल्याफोडल्या नाकात काय जायचं?" मी म्हटलं, जिरं, आणि आणखी काहीतरी, जरा झोंबणारं. "तो अमोनिया."

बेकरीत अमोनिया म्हणतात तो म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. हल्लीच्या पुड्यांवर ५०३ या आकड्याने दिसतो, खायचा सोडा ५०० ने. पातळ लाटलेल्या, टोचे मारलेल्या, पूर्ण कोरड्या भाजलेल्या बिस्किटात तो वायू होऊन निघून जातो आणि मागे खुसखुशीतपणा ठेवतो. जाड केकमध्ये घातलात तर वास आतच अडकतो आणि खाववत नाही. मी घरी फक्त सोडा घालून सहा वेळा करून पाहिलं होतं, सहाही वेळा मऊ पडलं होतं. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या: जिरं भाजायचं नाही, नुसतं खलबत्त्यात एकदा दाबायचं. आणि हल्लीचा डालडा तो डालडा नाही, त्यामुळे शंभर टक्के व्हायचं नाही. त्यांचं खरंच होतं. पुढे तर २०२२ पासून तेला-तुपात ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादाच आली, आणि ती आली हे बरंच झालं. पण त्या काळच्या बिस्किटाचा जिभेवरचा तो मेणचट थर त्याबरोबर गेला तो गेला.

पहिला घाणा अण्णांनी चहात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, "जिरं बरोबर आहे. मीठ कमी." मग दर पंधरा दिवसांनी डबा भरून यायचा. दीड वर्ष आला.

तर तुम्ही काय करा: बाबांना चवीबद्दल विचारू नका, "गोड होतं, संत्र्याचं होतं" यापलीकडे कुणालाच सांगता येत नाही. कुठे प्यायचे ते विचारा. बर्फाच्या लाकडी पेटीतून काढलेली ओली बाटली होती का? लग्नाच्या मांडवात? सिनेमाच्या मध्यंतरात? स्ट्रॉने की तोंड लावून? बुचाखालची चित्रं गोळा करायचे का? माझा अंदाज, निम्मा फरक काचेच्या बाटलीचा आणि बर्फाचा असणार. प्लॅस्टिकच्या बाटलीतून ग्लासात ओतलेलं आणि वर फ्रिजमधलं पेय, त्याला ती झिणझिणी कुठून येणार? जुने सोडावाले अजून आहेत. पुण्यात अर्देशर १८८४ पासून आहे. तुमच्या गावातही एखादा काचेत भरणारा असेल, त्याच्याकडचं ऑरेंज आणा आणि बाटली घमेल्यात बर्फ घालून दोन तास ठेवा. कॅम्पा २०२३ मध्ये परत आलंय, त्यात ऑरेंज आहे, तेही एकदा देऊन बघा, पण गोल्ड स्पॉट म्हणून देऊ नका. म्हाताऱ्यांना फसवलेलं लगेच कळतं. आणि साखरेचं डॉक्टरांना आधी विचारा, हे लिहायलाच हवं, नाहीतर इथले लोक मला धरतील.

एक अवांतर. दरवेळी 'बंद झालं' म्हणजे खरंच बंद झालेलं नसतं. आपल्या वाण्याने ठेवणं बंद केलेलं असतं. किस्मी, पॉपिन्स बंद झाल्या म्हणून हळहळणारी किती माणसं मी पाहिलीत! तालुक्याच्या गावच्या होलसेल गोळ्या-बिस्किटवाल्याकडे चक्कर मारा, निम्मं बालपण तिथे बरणीत असतं. पार्ल्याच्या स्टेशनावर लोकलमध्ये यायचा तो बिस्किटांचा वास मात्र खरंच गेला. २०१६ मध्ये तिथला पार्ले-जीचा कारखाना बंद झाला आणि त्याला कुठलाच होलसेलवाला नाही.

बाटली घ्यायचीच असेल तर शोभेची म्हणून घ्या, पण ४,५०० फार होतात, घासाघीस करा. तुम्ही लिहिलंय की घरात बाबांच्या दुकानाच्या वेळचा गोल्ड स्पॉटचा ओपनर आहे, आणि तो सुतळीसकट आहे. त्याचा फोटो काढा. मागच्या बाजूचाही. आणि कुणी कितीही गोड बोलून 'ओरिजिनल' मागितला तरी तो घराबाहेर पाठवू नका. बाबा ऑरेंज पिणार असतील त्या दिवशी बूच त्यानेच काढा, आणि काय म्हणाले ते इथे लिहा.