मार्गदर्शक हवा, पण त्याला विचारायचे काय?

छोटा व्यवसाय चालवणारी माणसे माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, चिडचिड वाढली आहे, घरात धड बोलणे होत नाही, अशा तक्रारी घेऊन. आणि दोन-तीन भेटी झाल्यावर त्यांतले पुष्कळजण एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. या व्यवसायातला कोणी जाणता माणूस पाठीशी असावा असे वाटते, पण तो शोधायचा कुठे, आणि सापडलाच तर त्याला कोणत्या तोंडाने विचारायचे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मी फार लवकर देत असे. ती सवय एका उद्योजिकेमुळे मोडली. त्यांच्या परवानगीने तो अनुभव इथे मांडते; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लेबले आणि पुठ्ठ्याची लहान खोकी छापून देण्याचा त्यांचा व्यवसाय आठ वर्षे चालू होता आणि त्यांच्याकडे नऊ माणसे कामाला होती. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर १४ नावे होती, सगळी छपाईच्या व्यवसायात मोठी झालेली माणसे. त्यांतील तिघांना त्यांनी पत्र पाठवले होते: आपल्या कामाबद्दल आदर आहे, आपण माझे मार्गदर्शक व्हाल का? दोघांचे उत्तर आले नाही, तिसऱ्यांनी वेळ नसल्याचे नम्रपणे कळवले. बाईंनी याचा अर्थ असा लावला होता की आपण कोणी वेळ द्यावा इतक्या योग्यतेच्या नाही. उरलेल्या ११ जणांना लिहायचे धैर्य त्यांच्यात राहिले नव्हते.

मी नेहमीप्रमाणे उपाय सांगायला लागले. यादी लहान करा, ओळखीतून जा, पत्र आटोपशीर लिहा. त्या सगळे वहीत उतरवून घेत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तसूभरही कमी होत नव्हता. म्हणून मध्येच थांबून मी विचारले, "समजा, त्या तिघांपैकी एकजण हो म्हणाले असते, तर पहिल्या भेटीत तुम्ही त्यांना काय विचारले असते?"

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बरोबर चालले आहे ना, एवढंच."

पुढचे सारे काम या उत्तरापासून सुरू झाले. त्यांच्या डोळ्यांपुढे दोन निर्णय होते. सर्वांत मोठा ग्राहक उधारीची मुदत ६० दिवसांवरून ९० दिवस करून मागत होता, आणि कर्ज काढून दुसरे यंत्र घ्यावे की न घ्यावे हे ठरत नव्हते. दोन्ही प्रश्न नेमके होते, त्यांवर कोणाही अनुभवी माणसाशी उपयोगाचे बोलणे होऊ शकले असते. परंतु पत्रात त्यांचा उल्लेखही नव्हता. पत्रात होती ती कौतुकाची आणि शाबासकीची मागणी, आणि अनोळखी माणसाकडे अशी मागणी आली की त्याला नेमके काय द्यायचे तेच कळत नाही.

मार्गदर्शकाला इंग्रजीतून आलेला मेंटॉर हा शब्द आता सर्रास वापरला जातो. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात मेंटॉर हा ओडिसियसचा जुना स्नेही आहे. युद्धाला निघताना ओडिसियस घरदार त्याच्यावर सोपवून जातो. मौज अशी की त्याच्या मुलाला धीर आणि सल्ला देणारा मेंटॉर बहुतेक वेळा मेंटॉर नसतोच, त्याचे रूप घेऊन आलेली अथेना देवी असते. मला कधीकधी वाटते, मार्गदर्शक शोधणाऱ्यांच्या मनात ही देवीच बसलेली असते: जिला सगळे आधीच ठाऊक आहे आणि जी आपल्याला न विचारता योग्य वेळी प्रकट होते.

आम्ही यादी बाजूला ठेवली आणि प्रश्नांची वाटणी केली. कर्जाचा हप्ता झेपेल का, हा हिशेब त्यांच्या लेखापालाने करायचा होता. त्यासाठी मार्गदर्शकाचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. करारातील अटी वकिलाने पाहायच्या होत्या. रात्री दोन वाजता छातीत धडधडते, ते माझ्याकडे. हे सगळे वजा करून जे उरले ते असे: मोठ्या ग्राहकाला मुदत नाकारली तर तो खरोखर जातो का, आणि त्याच्याशी ते बोलावे कसे? याचे उत्तर पुस्तकी हिशेबात नसते. अशा प्रसंगातून पूर्वी गेलेल्या माणसाकडेच ते मिळण्याची शक्यता असते.

तसा माणूस १४ जणांच्या यादीत असण्याची गरजच नव्हती. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एका निबंधात दाखवले होते की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना तिची खबर देणारी व्यक्ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणारी होती. जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात, म्हणून त्यांना ठाऊक असलेले आपल्यालाही बहुधा ठाऊक असते. तो अभ्यास नोकऱ्यांचा असला, तरी मार्गदर्शक शोधतानाही हेच घडताना मी पाहिले आहे. बाईंना मी विचारले की गेल्या पाच वर्षांत कामानिमित्त भेटलेली, पण आता संपर्कात नसलेली माणसे कोणती? त्यातून एक निवृत्त गृहस्थ आठवले. त्यांनी जवळजवळ तीस वर्षे खोक्यांचा कारखाना चालवला होता आणि एका जुन्या कामगाराच्या ओळखीने ते एकदा बाईंचे यंत्र पाहायला आले होते. ते प्रतिस्पर्धी नव्हते, त्यांना कागद विकत नव्हते आणि कर्जही देणार नव्हते. हे मी मुद्दाम तपासायला लावते. बाईंच्या निर्णयातून ज्याचा फायदा होणार आहे तो माणूस सज्जन असला, तरी त्याचा सल्ला किंचित त्याच्या बाजूला कललेला असतो, आणि बहुधा ते त्याच्याही लक्षात येत नाही.

नवे पत्र त्यांनी माझ्यासमोर लिहिले. "सर, चार वर्षांपूर्वी आपण आमचे यंत्र पाहायला आला होता. आमचा सर्वांत मोठा ग्राहक ९० दिवसांची उधारी मागतो आहे आणि आमची जवळपास निम्मी विक्री त्याच्याकडे आहे. आपण कारखाना चालवताना असा प्रसंग हाताळला असेल, असे वाटते. या एका विषयावर अर्धा तास बोलता येईल का? आवश्यक ते आकडे मी एका पानावर आधी पाठवीन." मार्गदर्शक हा शब्द त्यात कुठेही नव्हता. माझ्या मते तो पहिल्या पत्रात नसावाच. भेटही न झालेल्या माणसाकडून आयुष्यभराचे नाते मागितले, तर विवेकी माणूस मागे सरणारच.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी वेळ दिली. आणि त्या भेटीनंतर बाई माझ्याकडे आल्या त्या पूर्वीपेक्षा अधिक खचलेल्या.

कबूल केलेल्या एका पानावर त्यांनी दोन महिने वगळले होते, ज्यांत तोटा झाला होता. गृहस्थांनी पान पाहिले, अनुभवी नजरेला मधली खाच दिसली, आणि त्यांनी फक्त एवढेच विचारले की हे दोन महिने कुठे गेले? बाईंनी काहीतरी सबब सांगितली. "मॅडम, मी त्यांच्याशी खोटं बोलले," त्या मला म्हणाल्या, "आता परत तोंड दाखवायला नको वाटतं."

इथे माझीही एक चूक सांगायला हवी. त्यांच्या वडिलांचा उल्लेख आधी एकदा झाला होता. व्यवसाय सुरू करण्याला त्यांचा विरोध होता. मी तो धागा पकडला आणि जवळजवळ एक संपूर्ण भेट त्यावर घालवली. ते चुकीचे नव्हते, पण अवेळी होते. समोर चार दिवसांवर आलेली एक अवघड भेट होती आणि त्यांना तिची तयारी हवी होती. पुढच्या भेटीत आम्ही तेच केले. मी त्या गृहस्थांच्या जागी बसले आणि त्यांनी खरे सांगण्याचा सराव केला. पहिल्या तीन वेळा त्यांच्या वाक्यात क्षमायाचनाच इतकी होती की तोट्याचा आकडा ऐकूच येत नव्हता. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "सर, मागच्या वेळी मी दोन महिने लपवले. लाज वाटली म्हणून. हे ते आकडे." तेवढेच पुरेसे होते.

गृहस्थांनी आकडे घेतले आणि सरळ हिशेबाला बसले. कच्चा व तयार माल मिळून सरासरी २५ दिवस पडून राहतो. ग्राहकांची मुदत कागदावर ६० दिवसांची, पण पैसे प्रत्यक्षात ७५ दिवसांनी येतात. कागद पुरवणाऱ्यांना मात्र २० दिवसांत द्यावे लागतात. २५ आणि ७५ मिळवून त्यातून २० वजा केले, की ८० दिवस राहतात, आणि तेवढे दिवस प्रत्येक ऑर्डरमागे बाईंचा स्वतःचा किंवा कर्जाऊ घेतलेला पैसा अडकून पडत होता. विक्री वाढली की अडकणारी रक्कमही वाढणार. दोन महिन्यांच्या तोट्याची त्यांना लाज वाटत होती, पण रात्रीची धडधड बव्हंशी या ८० दिवसांतून येत होती, आणि ९० दिवसांची नवी मुदत मान्य केली असती तर ती वाढणार होती.

ग्राहकाशी बोलणे कसे झाले ते थोडक्यात सांगते. बाईंनी मुदत नाकारली, वेळेवर पैसे दिल्यास थोडी सूट देऊ केली. ग्राहक कुरकुरला, पण राहिला. हे असेच घडेल याची हमी कोणी देऊ शकले नसते, त्या गृहस्थांनीही दिली नव्हती.

त्यानंतरच नात्याला रीतसर रूप आले. महिन्यातून एकदा एक तास, सहा महिने. विषय बाईंनी आधी कळवायचा, ठरलेले त्यांनीच लिहून पाठवायचे, एकमेकांचे बोलणे बाहेर जाऊ द्यायचे नाही, आणि त्यात पैसा किंवा भागीदारी आणायची नाही. संकोच वाटत असूनही या अटी त्यांनी लिहून काढल्या, हे पुढे फार उपयोगी पडले.

चौथ्या महिन्यात अडचण आली ती वेगळ्याच बाजूने. गृहस्थांचे ठाम मत होते की लहान संख्येच्या ऑर्डरी बंद कराव्यात, कारण त्यांत कष्ट जास्त आणि नफा कमी. त्यांचा अनुभव ऑफसेट छपाईचा होता, जिथे प्रत्येक कामासाठी प्लेट तयार करावी लागते आणि यंत्र जुळवण्यात वेळ व कागद जातो. हा खर्च हजारो प्रतींवर विभागला तरच परवडतो. बाईंचे निम्मे काम आता डिजिटल यंत्रावर होते. तिथे प्लेटच नसते, त्यामुळे दोनशे लेबलांची ऑर्डरही फायद्याची ठरू शकते. हे त्यांना माहीत होते. तरीही त्यांनी सल्ला मानायचे ठरवले होते. "इतकं केलं त्यांनी माझ्यासाठी," त्या म्हणाल्या, "त्यांना वाईट वाटेल."

कृतज्ञता आणि आज्ञाधारकपणा यांची गल्लत आपल्याकडून सहज होते, आणि वयाने मोठ्या माणसापुढे तर हमखास. मी त्यांना विरोध करायला सांगितले नाही. मागील ४० कामांचा प्रत्येकी खर्च काढून घेऊन जा आणि सरांना वाचायला द्या, एवढेच सुचवले. त्यांनी तसे केले. गृहस्थ बराच वेळ कागद पाहत राहिले आणि म्हणाले, "आमच्या वेळी हे असं नव्हतं. हे तुम्ही मला शिकवा."

कॅथी क्रॅम या अभ्यासिकेने १९८३ मध्ये मार्गदर्शक आणि शिकणारा यांच्या नात्याचे चार टप्पे मांडले होते: आरंभ, जोपासना, अलग होणे आणि नात्याची नवी घडण. तिचे निरीक्षण नोकरदारांच्या जोड्यांवरचे आहे, पण तिसऱ्या टप्प्याची भीती मी छोट्या उद्योजकांमध्येही वारंवार पाहते. सहा महिने संपत आले तशी बाईंची झोप पुन्हा बिघडली. यंत्राचा निर्णय अजून व्हायचा होता आणि त्यांना तो सरांच्या तोंडून ऐकायचा होता. त्या महिन्यात गृहस्थ प्रवासाला गेले होते. मीही काही बोलले नाही. यंत्रांतले मला कळत नाही, आणि कळत असते तरी बोलले नसते.

शेवटच्या भेटीला त्या आल्या तेव्हा निर्णय झालेला होता. लेखापालाबरोबर दोन दुपारी बसून त्यांनी यंत्राची खरेदी एक वर्ष पुढे ढकलली होती आणि सरांना ते नंतर कळवले होते. त्यांचे उत्तर आले होते, ते त्यांनी मला फोनवर दाखवले. त्यात निर्णय बरोबर की चूक याबद्दल अक्षरही नव्हते. फक्त विचारले होते, "येणी आता किती दिवसांवर आली?"

"मग काय कळवलंत?" मी विचारले.

"५८," त्या म्हणाल्या, आणि फोन पिशवीत ठेवून पुढच्या वेळेची तारीख न घेताच उठल्या.