तांबी बसवल्यापासून मधेमधे रक्त जातंय आणि कळा येतात, काढून टाकू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तांबी बसवून सहा आठवडे झाले, पाळी आठ-नऊ दिवस चालते, संपली म्हणता म्हणता पुन्हा डाग दिसतात, ओटीपोटात कळा येतात आणि सासूबाई म्हणतात, काढून टाक. मी डॉक्टर नाही. पण धाकटीच्या वेळी बाळंतपणानंतर कॉपर-टी ३८०ए ही तांबी बसवली आणि हे सगळं अंगावर काढलं, म्हणून लिहितेय.

तांब्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला थोडी सूज राहते. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं, कळा येतात आणि रक्तही जास्त जातं. बहुतेकींना हा त्रास पहिले ३ ते ६ महिने होतो, मग कमी होत जातो. माझी पाळी पाचव्या महिन्यात ताळ्यावर आली. तोवर डॉक्टरांनी पाळीच्या पहिल्या दिवसापासून तीन-चार दिवस मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही दुखणं कमी करणारी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितलं होतं. आयबुप्रोफेनही चालतं, पण अल्सर किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन मात्र नको, त्याने रक्त आणखी जातं.

तरी "होतंच असं, सवय होईल" एवढ्यावर थांबू नका. माझ्या नणंदेला फोनवर हेच सांगितलं गेलं. बिचारीने अडीच महिने कळा सोसल्या. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा तांबी सरकून गर्भाशयाच्या तोंडाशी आलेली दिसली. काढून नवी बसवल्यावर तिला बरं वाटलं. तपासायला दहा मिनिटं लागली असती, याचं मला अजून वाईट वाटतं. तांबी सरकायची किंवा पडायची भीती पहिल्या काही महिन्यांतच जास्त असते. म्हणून पाळी संपली की हात धुऊन, उकिडवं बसून, योनीत बोट घालून तांबीचा दोरा लागतो का बघा. ओढू मात्र नका. दोरा लागला नाही, आधीपेक्षा लांब वाटला किंवा प्लास्टिकचं कडक टोक लागलं, तर तपासून घेईपर्यंत निरोध वापरा.

आणि हिमोग्लोबिन! हे कुणी आपणहून सांगत नाही. माझं ११.४ वरून ९.६ वर आलं होतं. जिना चढताना धाप लागायची, मी ते जागरणावर ढकललं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणी तांबी बसवायच्या आधीच अशक्त असतात. तुम्ही या आठवड्यातच रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या लागतील तर सुरू करा. कॅलेंडरवर रोज किती पॅड लागले, गाठी पडल्या का, हेही लिहा. तो कागद समोर ठेवल्यावर डॉक्टर नीट ऐकतात, हा माझा अनुभव.

तासाला एक पॅड भिजतोय आणि असं दोन तास चाललंय, ताप, घाण वासाचं पांढरं जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं, पाळी चुकून एका बाजूला कळ येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची तपासणी आधी. तांबी असताना दिवस राहणं फार विरळा, पण राहिले तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असू शकतो.

तुम्हाला यातलं काही नसेल, दोरा जागेवर असेल आणि रक्त ठीक असेल, तर मी आणखी दोन-तीन महिने वाट बघेन. पण तुमच्याने होत नसेल तर ती काढायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, सासूबाईंच्या नाही की डॉक्टरांच्याही नाही. हार्मोनवाली तांबीही मिळते. तिच्यातही सुरुवातीला मधेमधे डाग दिसतात, पुढे रक्त बरंच कमी होतं, पण ती महाग पडते. काढायचंच ठरलं आणि इतक्यात मूल नको असेल, तर काढायच्या आधीचे सात दिवस निरोध वापरा, कारण तांबी निघाली की त्याच दिवसापासून दिवस राहू शकतात.