चढावर उतरावं लागलं तर?

"मॅडम, पैसे बाजूला काढून ठेवलेत, वस्तू बदलायला झालीय हेही कळतंय. पण घ्यायची वेळ आली की पाय मागे येतो. असं का होतं?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कुणाचा फ्रिज असतो, कुणाची शिवणाची मशीन. मुलुंडच्या एका गृहस्थांची माउंटन बाइक होती. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.

वय ५६, नोकरी बँकेत. सायकल २००९ सालची, ॲल्युमिनियमची, २६ इंची चाकं, पुढे तीन आणि मागे आठ असे गिअर. दर रविवारी पहाटे मुलुंडहून निघायचं, ठाण्यात उपवन तलावापाशी चहा, मग येऊरचा चढ. पहिल्या भेटीला पत्नीही आल्या होत्या. नव्या सायकलीला त्यांचा विरोध नव्हताच. "अहो, घेऊन टाका एकदाची," असं त्या माझ्यासमोर दोनदा म्हणाल्या. त्यांची तक्रार वेगळी होती. दीड वर्षं हे रोज रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर सायकली बघत बसायचे. चाक साडेसत्तावीस इंची घ्यावं की २९, पुढे एकच चकती पुरेल का, ऑइलवाले डिस्क ब्रेक इथे नीट करून मिळतील का. झोप उडाली, चिडचिड वाढली आणि सायकल तीच.

मला वाटलं, जीव जडलाय. आपल्या हातातली वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये साध्या कॉफीच्या मगांवर हे दाखवून दिलं होतं: ज्यांना मग मिळाले होते, त्यांनी ते विकायला मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या तयारीच्या दुपटीहून जास्त निघाली. मी हे त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. माझा अंदाज चुकला होता.

दुसऱ्या भेटीत मी सायकलचा विषय सोडून रस्त्याबद्दल विचारलं. चढ कुठे अवघड जातो? ते लगेच म्हणाले, "एक वळण आहे. पूर्वी तिथे कधी उतरलो नाही. आता दोन वर्षं उतरावं लागतं." का? "गिअर पडत नाहीत हो. चेन झिजलीय, पुढचा शॉकअप आखडलाय."

मी विचारलं, "आणि नव्या सायकलचे गिअर नीट पडले, तरी उतरावं लागलं तर?"

त्यांनी चष्मा काढला. रुमालाने काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. मग म्हणाले, "मग कुणाला सांगणार, मॅडम? तेव्हा दोष माझाच ना."

गाठ इथे होती. जुनी सायकल होती तोवर तिच्यावर बोट ठेवता येत होतं. १९७८ मध्ये स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात पाहिलं की आपल्याला यश कशामुळे मिळालं याचीच खात्री नसेल, तर काही माणसं पुढच्या परीक्षेआधी कामगिरी बिघडवणारं औषध आपणहून निवडतात. हरलो तर औषधावर ढकलता येतं. हा आळस नाही की कंजूषपणाही नाही. आपण उणे पडू ही भीती फार खरी असते, आणि अशा माणसाला "घेऊन टाका" म्हटलं की ती वाढतेच.

यानंतर दोन गोष्टी मी आग्रहाने करायला लावल्या. पहिली, डॉक्टर. पन्नाशीनंतर चढावर दम पूर्वीपेक्षा लवकर लागत असेल, तर तो मनाचा विषय आहे असं समुपदेशकानेही धरून चालू नये. त्यांची ट्रेडमिल टेस्ट झाली, काही निघालं नाही, तेव्हाच आम्ही पुढे गेलो.

दुसरी, सायकल मेकॅनिकला दाखवणं. ते पुढच्या वेळी मोबाइलवर एक फोटो घेऊन आले. हँडलखालच्या नळीला खालचा दांडा जिथे जोडलाय, तिथे रंगावर केसाएवढी रेघ होती. "नख फिरवलं की अडकतं," ते म्हणाले, आणि खालच्या आवाजात, "ही मला सहा महिन्यांपासून दिसत होती." घरी बोलले नव्हते. ॲल्युमिनियमला तडा गेला की प्रत्येक धक्क्याला तो थोडा थोडा वाढत जातो आणि एक दिवस उतारावर एकदम तुटू शकतो. नुसतं वेल्डिंग करून भागत नाही. जोडाच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो, तिथे मूळची ताकद राहत नाही. त्या दिवशी मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं, या सायकलवर आता बसायचं नाही. पत्नीला ते त्यांनी माझ्या खोलीतूनच फोन करून सांगितलं.

मग एक छोटा प्रयोग ठरला. मित्राची २९ इंची सायकल एका रविवारासाठी मागून घ्यायची, येऊरला जायचं, आणि त्या वळणावर उतरावंसं वाटलं तर उतरायचं. वेळ मोजायची नाही, मोबाइलवर नोंद करायची नाही.

सोमवारी संध्याकाळी आले. "उतरलो," ते म्हणाले. "त्याच वळणावर. पाणी प्यायलो, दोन मिनिटं उभा राहिलो. एक पोरगं बाजूने सरसर वर गेलं. मग मी परत बसलो आणि वर पोचलो." हे सांगताना आवाज साधा होता. तसा आवाज त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

सायकल पुढच्याच आठवड्यात घेतली, सर्वांत भारीतली नाही. सहा आकडी किमतीवर त्यांनी दीड वर्ष घालवलं होतं आणि शेवटी त्याच्या निम्म्याहून कमीत मन भरलं.

जुनी सायकल सोसायटीच्या वॉचमनच्या मुलाला द्यायचं त्यांच्या फार मनात होतं. तडा गेलेली सायकल मुलाच्या हाती द्यायची नाही, यावर मात्र आमचं दोघांचं एका वाक्यात एकमत झालं. चाकं, सीट, पेडल मेकॅनिकने ठेवून घेतले. सांगाडा भंगारात तसाच द्यायला ते तयार नव्हते, कुणी रंग मारून पुन्हा चालवेल म्हणून. दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी करवतीने त्याचे दोन तुकडे करून घेतले, आणि नवी सायकल ढकलत चालत घरी गेले.