गावातल्या दुकानदारांनी बँकेशिवाय, एकमेकांच्या वहीवर व्यवहार केले तर चालतील का? भिशीत आणि यात फरक काय?

तुम्ही लिहिलंय की परभणीकडं तुमच्या गावात बँक कागदांवर कागद मागते, सावकार महिन्याच्या टक्क्याची भाषा बोलतो, आणि ‘म्युच्युअल क्रेडिट’ हा शब्द तुमच्या वाचण्यात आला. हे चालतं. आम्ही चालवलं, अडकलो, आता छोटं करून चालवतोय. कुठं अडकलो तेच सांगतो, कारण ते बुडव्या माणसापाशी अडकलं नाही.

माझं औसा तालुक्यात वेल्डिंगचं दुकान आहे. उधारी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. भिशीत आधी खिशातली रोकड टाकावी लागते, मग ती पाळीनं नाहीतर बोलीनं एकेकाला मिळते. म्युच्युअल क्रेडिटमध्ये, म्हणजे एकमेकांच्या वहीवरच्या उधारीत, रोकड लागतच नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या रोटाव्हेटरचं मी 1,800 रुपयांचं काम केलं. वहीत त्याच्या नावावर उणे 1,800, माझ्या नावावर अधिक 1,800. मी दूधवाल्याकडून 1,100 चं दूध घेतलं. दूधवाल्यानं ट्रॅक्टरवाल्याकडून शेताला 1,500 ची पाळी (मशागत) घालून घेतली. आता मी अधिक 700, दूधवाला उणे 400, ट्रॅक्टरवाला उणे 300. बेरीज शून्य, आणि ती कायम शून्यच राहते. 4,400 रुपयांचं काम झालं, नोट एकही हलली नाही, व्याज नाही.

आपल्याकडं यात नवं काही नाही. वारंगुळ्यात हेच आहे: आज तुमच्या घरचे दोघं माझ्या सोयाबीनच्या काढणीला, परवा आमचे दोघं तुमच्याकडं. माप रुपयाचं नाही, रोजाचं. फक्त तिथं दोघांतच फेडाफेड होते, इथं मी तुमचं देणं तिसऱ्याचं काम करून फेडू शकतो.

आम्ही नऊ जण होतो. उणे जायला 10,000 ची मर्यादा घातली, कारण भीती एकच होती, कुणी घेऊन पळेल. अधिक जायला मर्यादाच घातली नाही. ज्याला आपण देणं लागतो त्याला कसली मर्यादा घालायची, असं वाटलं. तिथंच फसलो. रोजची खरेदी सगळ्यांची किराण्यात. चार महिन्यांत किराणावाला 38,000 नं अधिक. तो आमच्याकडं खर्च करून करणार किती? महिन्याचं दूध आणि शटरचं एखादं काम. त्याचा माल सगळा लातूरहून, रोखीनं. एका संध्याकाळी चहाचा कप ठेवून म्हणाला, “तुमी मला वहीवर पैसे द्यायलाव, मी लातूरच्या ठोकवाल्याला काय दाखवू, वही?” त्याचं खरं होतं. रोख जमवून त्याचं देणं चुकतं करायला आम्हाला गुढीपाडवा उजाडला. नऊपैकी एकानंही पैसे बुडवले नाहीत आणि तरी वही बंद पडायची वेळ आली.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे सगळीकडंच होतं. 1934 च्या मंदीत स्वित्झर्लंडमधल्या छोट्या धंदेवाल्यांनी ‘विर’ नावाचं असंच मंडळ काढलं, ते आजही बँक म्हणून चालू आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर 2010 पासून ‘सार्डेक्स’ चालतं. एक सार्डेक्स म्हणजे एक युरो, शिलकीवर व्याज नाही. तिथं ज्याची शिलक साचते त्याला ती कुठं खर्च करता येईल हे शोधून द्यायला खास माणसं ठेवलेली असतात. आमच्याकडं ते काम कुणाचंच नव्हतं.

दुसरी अडचण मात्र आपल्या मातीतली आहे. मृगात सगळ्यांना पैसे लागतात आणि सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर, दिवाळीच्या आगंमागं, सगळ्यांकडं येतात. नुसत्या शेतकऱ्यांची वही केलीत तर जूनमध्ये सगळेच उणे, अधिक कुणीच नाही. तशी वही होऊच शकत नाही. म्हणून ज्यांचा पैसा वेगवेगळ्या वेळी फिरतो अशी माणसं एकत्र लागतात: दहा दिवसांनी दुधाचा पगार घेणारा, लग्नसराईत कमावणारा शिंपी, बारा महिने काम असणारा गवंडी. आणि 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तशा वर्षी कुठलीच वही पुरत नाही. ज्यांच्यावर मदार ठेवायची तेही त्याच दुष्काळात असतात.

‘म्हणजे गावाचं वेगळं चलन का?’ असं विचारणारे भेटतील. वेगळं चलन आपल्या भागानं पाहिलंय, निजामाचा हाली सिक्का. सात हालीचे सहा कलदार (इंग्रजी रुपये) हा हिशोब तोंडपाठ असलेले म्हातारे माझ्या लहानपणी होते. तुम्ही त्या फंदात पडू नका. ‘आणील त्याला मागताक्षणी पैसे’ अशी चिठ्ठी किंवा हुंडी काढायला रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 31 नं बंदी आहे. नावानिशी वही ठेवा, कूपनं छापू नका. आणि जीएसटी नंबर असलेल्या सभासदानं बिल करायचंच. पैशाऐवजी वस्तू किंवा काम दिलं तरी कायद्याच्या लेखी तो पुरवठाच.

वहीनं मोठं भांडवल मात्र उभं राहत नाही. मळणी यंत्र घ्यायचं तर कंपनी वही बघत नाही. तिथं बटईचा, म्हणजे पिकातल्या वाट्याचा, विचार कामाला येतो. आम्ही पाच जणांनी पैसे घालून यंत्र घेतलं, हप्ता ठरवला नाही, वाटा ठरवला. कट्ट्यामागं (पोत्यामागं) जी मळणी मिळते त्यातून आधी डिझेल, ड्रायव्हर आणि दुरुस्ती, उरलेलं भांडवलाच्या प्रमाणात. पीक कमी आलं की वाटा आपोआप कमी, चालवणाऱ्याच्या डोक्यावर बोजा नाही. बेअरिंग गेलं की दुरुस्ती माझ्याच दुकानात होते, तेव्हा बाकीचे चौघं बिलाकडं जरा जास्तच निरखून बघतात, ते चालायचंच.

लेखी करार करा. 1932 च्या भागीदारी कायद्यात फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार घरादारासकट जबाबदार असतो. ते नको असेल तर 2008 च्या कायद्याची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करता येते, आणि सगळे शेतकरीच असाल तर दहा जणांत शेतकरी उत्पादक कंपनी. पण बाहेरच्या लोकांकडून ‘इतके टक्के नक्की देऊ’ म्हणून पैसे गोळा करू नका. 2019 च्या अनियंत्रित ठेवींच्या कायद्यात अडकाल, आणि मल्टिस्टेट पतसंस्थांनी आपल्या भागात जे केलं त्यानंतर लोक तुम्हाला दारात उभंही करणार नाहीत.

तुम्ही सुरू करणार असाल तर आधी एक कागद घ्या. प्रत्येकाच्या नावापुढं लिहा, हा गावात कुणाकडून काय घेतो. ज्याच्यापुढची जागा मोकळी राहील त्याला वहीत घेऊ नका, कितीही भला असला तरी. आमच्या वहीत आता सहा नावं आहेत, अधिकलाही 10,000 ची मर्यादा आहे, आणि किराणा आम्ही रोखीनं आणतो.