बांद्याचे घर की वेर्ण्यातले बिऱ्हाड?

प्रश्न : माझ्या पतींना गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत कायम नोकरी मिळाली आहे. बांद्यात आमचे स्वतःचे घर असून मुलगी आठवीत शिकते. गोव्यात सगळे स्वस्त, तेव्हा बिऱ्हाड तिकडेच हलवा, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. खर्च खरोखर कमी होईल का?
– एक वाचक, बांदा (जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : ताई, नातेवाईक म्हणतात ते खोटे नाही, अपुरे आहे. पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो आणि तो गोव्यात कमी आहे. म्हणूनच पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर एमएच ०७ च्या गाड्या पंपावर वळतात. घरगुती विजेचे बिलही तिकडे हलके येते. मात्र साबण, तेल, कपडे यांवरचा कर १ जुलै २०१७ पासून दोन्ही राज्यांत सारखाच असल्यामुळे वाणसामानाच्या यादीत सांगण्यासारखा फरक पडणार नाही.

खरा प्रश्न घरभाड्याचा आहे. आज तुम्हाला भाडे शून्य आहे. गोव्यात पर्यटनामुळे भाडी चढलेली असतात, अनामत रक्कम वेगळी द्यावी लागते आणि करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. हंगामात पर्यटकांकडून जास्त पैसे मिळतात म्हणून नोव्हेंबरच्या तोंडावर खोली रिकामी करायला सांगणारे मालकही भेटतात. त्यामुळे लेखी करार झाल्याशिवाय अनामत देऊ नका आणि विजेचे बिल मीटरप्रमाणे द्यायचे की मालक सांगेल त्या दराने, हे आधीच विचारून घ्या. पेट्रोल आणि विजेत वाचलेले पैसे एका महिन्याच्या भाड्यालाही पुरणे कठीण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारी योजनांचा हिशेब तर कोणी करतच नाही. गृह आधार योजनेत गोव्यातील गृहिणीला दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोव्याच्या आरोग्य विमा योजनेला ५ वर्षांचे. उलट महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे तेवढेच १,५०० रुपये तुम्ही उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर इथे राहूनच मिळतात. म्हणजे इथले सोडून गेल्यावर तिथले मिळेपर्यंत मधली कित्येक वर्षे दोन्हीकडून हात रिकामे.

मुलीच्या बाबतीत अधिक जपा. वैद्यकीय प्रवेशासाठी महाराष्ट्राच्या कोट्यात साधारणपणे दहावी आणि बारावी याच राज्यातून झालेली असावी लागते, तेव्हा आठवीनंतर तिची शाळा बदलणे हा निव्वळ फीचा विषय राहत नाही.

मांडवी आणि झुआरी ओलांडून रोज ये-जा करणे पतींच्या प्रकृतीला झेपणार नाही. त्यापेक्षा त्यांनी वेर्ण्याजवळ सहकाऱ्यांबरोबर खोली घ्यावी, सुटीला बांद्याला यावे आणि निदान एक पूर्ण हंगाम हा खर्च वहीत लिहावा. दुचाकी मात्र बारा महिन्यांहून अधिक काळ गोव्यातच राहणार असेल, तर तिची तिथे फेरनोंदणी करावी लागते. तो करही त्याच वहीत धरा.