माझ्यात कोणता चांगला गुण आहे हे ओळखायचं कसं, अन ओळखून त्याचं करायचं काय?

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बीए झालं, पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राहिला, आता गावी बाबांसोबत वावरात आहेस, मोबाईलवर जो तो सांगतो स्वतःची ताकद ओळखा अन तुला तर काही सापडतच नाही, उलट सकाळी गावातल्या चार पोरांना 1600 मीटर पळवण्यात टाइम घालवतो म्हणून घरचे बोलतात. असं लिहिलंस. माझ्या पोराच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नको. मी दारव्हा तालुक्यातली, पाच एकर कोरडवाहू, कापूस तूर सोयाबीन, अन गावातल्या बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांचं काम पाहणारी गावातलीच कार्यकर्ती. मानसशास्त्राची तज्ञ वगैरे नाही, जे स्वतःवर बेतलं तेच सांगते.

तुला सापडत नाही कारण जो गुण अंगात मुरलेला असतो तो आपल्याला गुण वाटतच नाही, वाटतं हे तर कोणालाही येते. माझंच घे. लग्न होऊन आले अन वर्षाच्या आत सासरी माझं नाव पडलं तलाठीण. काऊन, तर वेचणीच्या बायांचे कोणाचे किती किलो, कोणाला किती उचल दिली, सगळं माझ्या वहीत. वाटणीत दिराकडे एक पायली तूर जास्त गेली की मी बोलून दाखवायची अन आपल्याकडे जास्त आली तरी बोलून दाखवायची, म्हणजे शिव्या दोन्हीकडून. सासूबाई म्हणायच्या, "हे सून नाही बाप्पा, तराजू हाय." वीस वर्षं मला वाटत राहिलं की ही माझी खोड आहे, सोडायला पाहिजे.

मग माझी भाची, अमरावतीला सायकॉलॉजी घेऊन शिकते, ती दिवाळीत आली अन तिने फोनवर स्वभावातले गुण ओळखायची एक चाचणी करायला लावली, व्हीआयए म्हणतात, फुकट असते, शंभराच्या आसपास प्रश्न. ती इंग्रजीतून वाचून वऱ्हाडीत सांगे अन मी तूर पाखडता पाखडता उत्तरं देत गेले. तिने सांगितलं की पीटरसन अन सेलिगमन म्हणून दोन अमेरिकन प्रोफेसर, त्यांचं म्हणणं होतं की मनाच्या आजारांच्या याद्या तर जाडजूड आहेत, पण माणसात चांगलं काय असते त्याची यादी कुठं आहे, मग वेगवेगळ्या देशांतले धर्मग्रंथ तत्त्वज्ञान असं सगळं धुंडाळून त्यांनी 2004 साली 24 गुण मांडले, सहा गटांत. जिज्ञासा, धाडस, चिकाटी, प्रामाणिकपणा, माया, न्यायबुद्धी, क्षमा, सावधपणा, कृतज्ञता, आशा, विनोद असे. यात पळायचा वेग नाही, गाण्याचा गळा नाही, गणितातले मार्क नाही, ते वेगळं, त्याला अंगची कला म्हण. हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं. भरतीत तुझं जे मोजलं ते सेकंद अन मार्क मोजले, स्वभाव कोणी मोजलाच नाही.

माझी न्यायबुद्धी एक नंबरला आली, सावधपणा दोनला. विनोद चोविसावा. आमचे हे खूप हसले, म्हणे हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं, मोबाईल कायले पाहिजे. (शेवटी आलेला गुण म्हणजे दोष नव्हे, ते फक्त क्रम लावून देतात, वरच्या चार-पाचांना आपली ओळख समजायचं.)

चाचणी नाही केली तरी चालते म्हणा. मला तर आता गटाच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या कळते. कोणतं काम केल्यावर बाई थकत नाही उलट तरतरीत होते ते पाहायचं. कोणतं काम न सांगता उठून करते. अन लोकं कोणत्या वेळी कोणाच्या दारात जातात. भांडण झालं की एकीकडे, पैशाचं कोडं पडलं की दुसरीकडे, पोरगी रुसून माहेरी आली की तिसरीकडे. अजून एक, मला हे लय खरं वाटते, तुला दुसऱ्याची कोणती गोष्ट पाहून डोक्यात जाते? मला काटा मारणारा माणूस दिसला की जेवण जात नाही. ज्याला खोटं खपत नाही त्याच्यात बहुतेक प्रामाणिकपणा वर असते.

आता आमच्या ह्यांचं सांगते, कारण खरी चूक मी तिथं केली. हा माणूस नकला करणारा. बँकेतला साहेब, सरपंच, डॉक्टर, कोणाची म्हणशील त्याची नक्कल. मी त्याला गुण कधी मोजलाच नाही, टवाळकी म्हणायची. 2017 चं साल तुला आठवत असेल, शाळेत असशील तेव्हा, गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, पऱ्हाटी वरून हिरवीगार दिसे अन बोंड फोडलं की किडकं. आमच्या शेजाऱ्याचं तर सगळंच गेलं. हे रोज जेवण झालं की त्याच्या छपरीत जाऊन बसायचे, दहा-अकरापर्यंत, अन तिथून हसायचा आवाज यायचा. मी घरात चडफडत, आपल्या डोक्यावर कर्ज अन ह्यांना दात काढणं सुचते. एकदा तर ह्यांना जाऊच नये म्हणून दाराला कडी लावून घेतली. दोन वर्षांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण आली, वाण घेतलं, बसली, अन एकदम म्हणते, "ताई, त्या साली भाऊजी येत होते म्हणून माहे मालक हासून झोपत. जा दिवशी भाऊजी नाही आले त्या रात्री म्या फवारणीची शिशी गोठ्यातून काढून डाल्याखाली झाकून ठेवली होती." मी काय बोलणार. तो दिवस बहुतेक मी कडी लावली तोच असावा, मी विचारलं नाही.

मधेच एक, तू जे लिहिलंस की "मी कोणत्याच कामाचा नाही", ते रोज रोज, रात्री झोप न येता वाटत असेल तर गुण शोधणं राहू दे बाजूला, पहिले 14416 ला फोन लाव, टेलिमानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री पण उचलतात, मराठीत बोलता येते. मी गटातल्या बायांना हा नंबर भिंतीवर लिहून दिला आहे.

तर विनोद. आपल्या भागात हा गुण हलका समजतात, अन आपलाच शेंडगावचा डेबूजी, गाडगेबाबा, अक्षरओळख नसलेला माणूस, कीर्तनात लोकांना उलटे प्रश्न विचारून हसवून हसवून नवसाचे बकरे अन दारू सोडा म्हणून सांगायचा. खराटा सगळ्यांना आठवते, हसवणं विसरतात.

बरं, ओळखल्यावर करायचं काय. भाचीने सांगितलेलं यातलं मला हेच सगळ्यात कामाचं वाटलं. सेलिगमनच्या लोकांनी 2005 मध्ये एक प्रयोग छापला. काही जणांना फक्त त्यांचे वरचे गुण कळवले अन ते जास्त वापरा म्हटलं, काहींना सांगितलं की आठवडाभर रोज त्यातला एक गुण काहीतरी नवीन तऱ्हेने वापरा. नुसतं कळलं त्यांचं बरं वाटणं लवकरच ओसरलं, अन नवीन तऱ्हेने वापरला त्यांच्यात सहा महिन्यांनंतर पण फरक दिसला. म्हणजे कळणं वेगळं अन वळणं वेगळं, हे आपल्या म्हातार्‍या पण सांगतच होत्या.

मी काय केलं, तर वेचणी. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागते, किलोमागे मजुरी, अन काटा नेहमी मालक वाचते. बाया म्हणत नाहीत काही पण मनात शंका असतेच, गाठोडं जड लागते अन आकडा हलका निघते. मी म्हटलं आजपासून जिचं गाठोडं तिनं काटा वाचायचा, मी फक्त लिहीन. पहिल्या दिवशी लाजल्या, दोघींना आकडे वाचता येत नव्हते, त्यांना तिसरीनं शिकवलं. हे म्हणे आता अर्धा घंटा जास्त लागून राहिला. लागू दे. पुढच्या वेचाला, मजूर मिळत नाही म्हणून सारं गाव बोंबलत होतं तेव्हा त्या बाया पहिले आमच्या वावरात आल्या. तोच गुण, ज्याच्यामुळे मी तलाठीण, फक्त पहिले मी तो लोकांवर चालवायची.

पण गुण पण उतू जाते, दुधासारखं. गटात एका बाईचा हप्ता दोनदा चुकला, मी भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वही उघडून नियम वाचून दाखवला. नियम बरोबर होता. बाई गट सोडून गेली. मागून कळलं तिचं लेकरू दवाखान्यात होतं अन तिनं अंगावरचं मोडलं होतं. न्याय केला अन माया विसरली. माया माझ्या यादीत बरीच खाली आहे, अन ओढून ताणून आणली की नाटकी दिसते, मी करून पाहिलं. म्हणून आता हप्ता चुकला की मी जातच नाही, आमच्या गटात एक म्हातारी सदस्य आहे, तिला पाठवते, ती आधी चहा पिते, सुखदुःख विचारते अन मग तासाभराने हप्त्याचं काढते. वही मी सांभाळते. सगळे गुण एकाच माणसात असायला पाहिजेत असं कोणी सांगितलं. ती गेलेली बाई मात्र परत आली नाही, रस्त्यात भेटली की मान खाली घालते, ते मला अजून लागते.

आता तुझ्याकडे येते. तू प्रश्नात चारदा लिहिलंस काही गुण नाही, अन मधेच एका ओळीत लिहून गेलास की पहाटे साडेचारला उठून पोरांचा टाइमिंग घेतो, अन त्यातला एक शेवटच्या राउंडला चालायला लागते म्हणून त्याच्याबरोबर स्वतः पळतो. तुला कोणी सांगितलं होतं का? पगार आहे? दोनदा राहिलेला माणूस मैदानाकडे पाहतसुद्धा नाही रे, माझा चुलतभाऊ त्या रस्त्याने जायचा नाही. याला काय नाव द्यायचं, चिकाटी का माया का दुसऱ्याला पुढे नेणं, ते तू ठरव, चाचणी कर नाहीतर त्या पोरांना विचार. अन मग आठवडाभर मैदानाच्या बाहेर कुठंतरी वापरून पाहा, घरापासूनच कर सुरुवात. वावरात बाबांसोबत डवरणीला जातोस म्हणतोस, दोघं दिवसभर बोलत नाही म्हणतोस. त्या चालणाऱ्या पोराबरोबर तू काऊन पळतो, हे बाबांना कधी सांगितलंस का?