पावसाची वही आणि वर्गांच्या सीमा

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून मी वहीत लिहितो. मुलगी दहावीत आहे. तिने जुलैच्या ३१ नोंदींची वारंवारता सारणी, म्हणजे कुठल्या वर्गात किती दिवस याचा तक्ता, करायला घेतली. ०-१०, १०-२० असे वर्ग पाडत १८० पर्यंत जावं लागलं आणि शेवटचे बरेच वर्ग रिकामे राहिले. मग तिने हवामान खात्याचे गट घेतले : २.५ मिमीहून कमी ३ दिवस, हलका (२.५ ते १५.५) ९ दिवस, मध्यम (१५.६ ते ६४.४) १३ दिवस, मुसळधार (६४.५ ते ११५.५) ४ दिवस, अति मुसळधार (११५.६ ते २०४.४) २ दिवस. आलेखात मध्यम पावसाचा स्तंभ सगळ्यात उंच आला. शाळेत सांगितलं, आयतालेख (एकमेकांना चिकटलेल्या आयतांचा आलेख) चुकला. वर्ग बरोबर आहेत, मग चुकलं कुठे? आणि नेमका १० मिमी पाऊस झाला तर तो कुठल्या वर्गात धरायचा?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : १० मिमीचं आधी सांगते. ०-१०, १०-२० ही असमाविष्ट पद्धत. तिच्यात वरची सीमा त्या वर्गात धरत नाहीत, म्हणून १० गेला १०-२० मध्ये. हवामान खात्याचे वर्ग समाविष्ट पद्धतीचे आहेत. १५.५ हलक्यात, १५.६ मध्यमात, वाद उरत नाही. आलेख काढताना मात्र मधली फट बुजवायची आणि सीमा १५.५५ वर घ्यायची.

आता आयतालेखाकडे. मुलीने गट बदलले हे मला फार आवडलं. दहा-दहाचे वर्ग पाठ्यपुस्तकातल्या गुणांना ठीक, कोकणातल्या पावसाला नाहीत. जिथे बहुतेक नोंदी लहान आणि मोजक्या दोन-चार प्रचंड, तिथे असमान वर्ग घेणंच शहाणपणाचं.

पण वर्ग असमान झाले की आलेखाचा नियम कडक होतो. आयतालेखात दिवस दिसतात ते आयताच्या क्षेत्रफळात, उंचीत नाही. वर्ग सारख्या रुंदीचे असतात तेव्हा दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून शाळेतल्या बहुतेक उदाहरणांत ही अडचण समोरच येत नाही. इथे हलक्या पावसाचा वर्ग १३ मिमी रुंद, मध्यमचा ४९, मुसळधारचा ५१ आणि अति मुसळधारचा ८९. मध्यमचं जाळंच एवढं मोठं, की त्यात १३ दिवस सापडले यात नवल नाही.

तेव्हा दिवसांना रुंदीने भागा आणि दर १० मिमीमागे किती दिवस येतात ते उंची म्हणून घ्या. हलका : ९ भागिले १३, गुणिले १०, म्हणजे सुमारे ६.९. मध्यम २.७, मुसळधार ०.८, अति मुसळधार ०.२. अडीच मिमीच्या आतले तीन दिवस तर १२ च्या वर जातात. आलेख डावीकडे उंच आणि उजवीकडे लांब, बुटका उतरत जाईल. तुमच्या जुलैचं खरं रूप तेच.

तिला मूळ उंचीच ठेवायची असेल तर तेही चालतं. आडव्या अक्षावर मिलिमीटर न लिहिता 'हलका', 'मध्यम' अशी नावं लिहा, स्तंभांत अंतर सोडा आणि त्याला स्तंभालेख म्हणा.

आणखी एक करून बघाच, कारण या सारणीतलं मोलाचं अजून बाहेर आलेलं नाही. वर्गमध्य, म्हणजे वर्गाच्या दोन सीमांच्या मधोमधचा आकडा, काढा : ९, ४०, ९०, १६०; पहिल्या वर्गाचा १.२ धरा. त्यांना दिवसांनी गुणून बेरीज केली की महिन्याचा पाऊस अंदाजे १,२८५ मिमी येतो. त्यातले ६८० मिमी मुसळधार आणि अति मुसळधार मिळून फक्त सहा दिवसांत पडले! निम्म्याहून जास्त. सरासरी दिवसाला सुमारे ४१ मिमी, पण मध्यक, म्हणजे नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद, २९ च्या आसपास. विहीर, बांध, गटार यांचा विचार करणाऱ्याला ४१ चा फारसा उपयोग नाही. त्याला ते सहा दिवस हवेत. वहीतल्या नोंदींची खरी बेरीज या अंदाजाशेजारी ठेवून बघा. गट केल्यामुळे किती माहिती हातची गेली, ते त्या फरकात दिसेल. म्हणूनच सारणी झाली तरी मूळ वही टाकू नका.

२०४.४ च्या वरचा वर्ग तुम्हाला या जुलैत लागला नाही. लागलाच, तर तो उघडा वर्ग आहे, त्याला वरची सीमा नाही आणि त्यामुळे आयतही काढता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. असा आकडा गटात पुरू नका. आलेखाबाहेर, तारखेसह वेगळा लिहा.

प्रश्न : गावातल्या पाहणीत आम्ही वयं विचारली. आलेखात ४०, ४५, ५०, ६० वर सुळके आले. नोंदी घेणाऱ्यांनी हलगर्जीपणा केला का?
– एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : नोंद घेणाऱ्यांना लगेच बोल लावू नका. जन्मतारीख नक्की ठाऊक नसलेली माणसं शेवटी शून्य किंवा पाच येईल असं वय सांगतात. भारताच्या जनगणनेतही हे सुळके दिसतात. पाच-पाच वर्षांचे वर्ग केले की ते बरेच बसतात, पण पूर्ण नाही. ४०-४४ हा वर्ग ४० पासून सुरू होतो. ३८-३९ वर्षांच्या ज्या बाईने 'चाळीस' सांगितलं, ती वरच्या वर्गात गेली. फक्त पाहण्यासाठी ३८-४२, ४३-४७ असे वर्ग करून दुसरा आलेख काढा. पुढच्या वेळी वयाच्या जोडीने थोरल्या मुलाचं वय आणि लग्नाला किती वर्षं झाली हेही विचारा. भूकंप किंवा बहात्तरचा दुष्काळ यांसारख्या आठवणीत पक्क्या बसलेल्या घटनेच्या वेळी आपण केवढे होतो, हे म्हातारी माणसं बरंच नीट सांगतात.